जपानच्या शाळेतलं पहिलं वर्ष: वर्ग निभावतो, बाकीच्या दिवसाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एप्रिलपासून जपानमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून रुजू व्हायचं आहे. जपानी जेमतेम वाचता येतं. शिकवायची भीती नाही, तिथल्या रोजच्या जगण्याची आहे. मी शाकाहारी आहे. काय तयारी करू?’

तुमची भीती योग्य जागी आहे. मी बरीच वर्षं टोकियोच्या उत्तरेकडच्या भागात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत शिकवते आहे. वर्षाच्या आत सामान बांधून परत गेलेले जे शिक्षक पाहिले, त्यांतल्या फार थोड्यांना वर्गाने हरवलं होतं. पन्नास मिनिटांचा तास कसाही पार पडतो. अवघड जातात ते दोन तासांमधले रिकामे तास, नगरपालिकेतले कागद, पहिल्या पगारापर्यंतचे आठवडे आणि फेब्रुवारीत घरातच भरणारी हुडहुडी. म्हणून माझं उत्तर बरंचसं वर्गाबाहेरचं आहे.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: तुम्हाला नोकरीवर ठेवणारा नेमका कोण? सहायक शिक्षक शाळा स्वतः नेमत नाही. 1987 पासून चालू असलेल्या जेट या परदेशी शिक्षक आणणाऱ्या सरकारी योजनेतून काही जण येतात, पण त्यांतले बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. काहींना शहराचं शिक्षण मंडळ थेट घेतं. आणि बऱ्याच जणांना एखादी खाजगी कंपनी घेते, जिने मंडळाकडून कंत्राट मिळवलेलं असतं. तुम्ही एप्रिलमध्ये येताय, म्हणजे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातले. तिसऱ्या गटात असाल तर कंपनीला सरळ विचारा: हे हाकेन आहे की ग्योमु इताकु? हाकेनमध्ये कंपनी तुम्हाला शाळेच्या हाताखाली पाठवते. ग्योमु इताकुमध्ये कंपनीने ‘इंग्रजीचे तास’ हे काम अंगावर घेतलेलं असतं आणि माणसं तिची असतात, त्यामुळे शाळेतल्या शिक्षकाने तुम्हाला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. आता वर्गात दोघं शेजारी उभे असताना हे कसं जमायचं, ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. बहुतेक शाळा समजुतीने निभावून नेतात. पण काही ठिकाणी जपानी शिक्षक तुमच्याशी कामाचं बोलायलाच बिचकतो आणि नवख्या माणसाला वाटतं, आपल्यालाच टाळतायत. टाळत नसतात, करारपत्राला भीत असतात.

त्याच करारात आठवड्याचे तास पाहा. 29.5 तास असे विचित्र आकडे दिसले तर त्याचं कारण विमा आहे. पूर्णवेळ कामाच्या तीन चतुर्थांश तास भरले की मालकाला आरोग्य विमा आणि पेन्शन यांचा अर्धा वाटा उचलावा लागतो, म्हणून तास त्याच्या जरा खाली ठेवायची जुनी युक्ती. ऑक्टोबर 2024 पासून 50 हून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना साधारण 20 तासांच्या वरच्या लोकांनाही त्यात घ्यावं लागतं, तेव्हा ‘आमच्याकडे ही पद्धत नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. ऑगस्टमध्ये पूर्ण पगार मिळतो का, हेही विचारा. काही कंपन्या सुट्टीच्या महिन्यांत पगार कापतात आणि ते करारात बारीक अक्षरात असतं.

व्हिसाचा प्रकारही बघून ठेवा. शाळेत शिकवायचा परवाना ‘क्योइकु’ या नावाचा असतो, खाजगी भाषावर्गांचा वेगळा. संध्याकाळी एखाद्या खाजगी वर्गात दोन तास घ्यावेत असं वाटेल तेव्हा आधी इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी लागते.

आता उतरल्यानंतरचं. मोठ्या विमानतळांवर उतरलात की तिथेच रहिवासी कार्ड हातात पडतं. ते कायम जवळ बाळगायचं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. पोलिसाने विचारलं तर दाखवणं बंधनकारक आहे. राहायची जागा ठरली की 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत आरोग्य विम्याचं (तो मालकाकडून नसेल तर) आणि माय नंबर या सरकारी ओळख क्रमांकाचं काम उरकून घ्या, कारण खिडक्या एकाच इमारतीत असतात आणि पुढे तुम्हाला शाळेच्या वेळेत सवड मिळणार नाही.

पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकच चक्र गरगरवतं: घराला फोन नंबर हवा, फोनला बँक खातं हवं, बँकेला पत्ता आणि फोन दोन्ही हवेत. शिवाय जपानमध्ये येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका तुम्हाला ‘अनिवासी’ धरतात, त्यामुळे कित्येक शाखा खातं उघडायला नाही म्हणतात. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे पहिला महिना-दोन महिने मालकाने दिलेल्या जागेत किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या सुसज्ज खोलीत काढायचे. तो पत्ता नोंदवायचा, परदेशी कार्ड चालणाऱ्या कंपनीचं सिम घ्यायचं, आणि खात्यासाठी तुमच्या आधीच्या शिक्षकाचं खातं ज्या शाखेने उघडलं होतं तिथेच जायचं. मालकाला हा प्रश्न विचारायला लाजू नका, त्यालाही तुमचा पगार कुठेतरी जमा करायचा आहेच.

घराचा खर्च पाहून डोळे पांढरे होतात. अनामत रक्कम, दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क, आगीचा विमा, पहिलं भाडं, आणि वर ‘रेइकिन’, म्हणजे घरमालकाला कृतज्ञतेपोटी द्यायची, परत न मिळणारी रक्कम. कृतज्ञता कसली, ते मला आजही कळलेलं नाही. सगळं मिळून महिन्याच्या भाड्याच्या चार-पाचपट सहज जातं. यूआर या सरकारी संस्थेच्या इमारतींत रेइकिन, दलाली आणि हमीदार यातलं काहीच लागत नाही, पण उत्पन्नाची अट असते. नोकरीचं पत्र दाखवून विचारून बघा. घर 1981 च्या जूननंतरच्या नियमांनी बांधलेलं आहे का, हे नक्की विचारा. भूकंपाचे कडक निकष तेव्हापासून लागू झाले आणि स्वस्तात मिळणारी बरीच घरं त्याआधीची असतात. आणि हो, रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं: छताला दिवा नाही, पडदे नाहीत, बऱ्याचदा गॅसची शेगडीही नाही. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा तुम्ही घरी असावं लागतं. ती वेळ आधी ठरवली नाही तर पहिले दिवस थंड पाण्याने अंघोळ.

पगार महिन्याच्या शेवटी किंवा थेट मेमध्ये होतो. तोवरचे, म्हणजे दोन महिन्यांच्या खर्चाचे येन हाताशी ठेवा.

एक कर असा आहे की तो दुसऱ्या वर्षी अंगावर येतो. रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि 1 जानेवारीला तुम्ही जिथे राहत असाल ते शहर तो घेतं. पहिल्या वर्षी तुमचं आधीचं जपानी उत्पन्न शून्य, म्हणून काही कापलं जात नाही आणि पगार बरा वाटतो. मग पुढच्या जूनपासून करपात्र उत्पन्नाच्या साधारण दहा टक्क्यांच्या हिशेबाने कपात सुरू होते. त्या जूनमध्ये ‘माझा पगार कमी का केला’ म्हणून कार्यालयात तावातावाने गेलेले लोक मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षापासूनच तेवढी रक्कम बाजूला टाकत चला.

औषधांचं आधी बघा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांवर प्रमाणाच्या मर्यादा आहेत, आणि अॅम्फेटामिन गटातली औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी आणता येत नाहीत. चिठ्ठीवरची इतर औषधं एक महिन्याहून जास्त पुरतील इतकी आणायची असतील तर ‘युन्यु काकुनिनशो’ हे आयातीचं प्रमाणपत्र निघण्यापूर्वी घ्यावं लागतं. जपानमध्ये आजारी पडलात तर विम्यामुळे बिलाचा 30 टक्के भाग तुमचा. साध्या तापाला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका. गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी नसेल तर बरीच मोठी हॉस्पिटलं निदान 7,000 येन वेगळे लावतात.

एवढे कागद झाले की खरी जागा येते: शिक्षकांची खोली, शोकुइनशित्सु. सगळ्या इयत्तांचे शिक्षक एकाच मोठ्या दालनात, इयत्तेनुसार टेबलं जोडून बसतात आणि समोर, सगळे नजरेत राहतील असे उपमुख्याध्यापक, म्हणजे क्योतो सेन्सेई. मुख्याध्यापकांना वेगळी खोली असते, पण रजा, किल्ली, फॉर्म, हरवलेलं सामान, हे सगळं क्योतो सेन्सेईंकडे. तुमचं पहिलं वर्ष कसं जाईल हे मुख्याध्यापकांपेक्षा या एका माणसावर जास्त ठरतं. सकाळी दारातून आत येताना खणखणीत आवाजात ‘ओहायो गोझाइमास’ म्हणायचं, कोणी मान वर केली नाही तरी. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं अभिवादन इथे अबोला धरल्यासारखं दिसतं.

मग सकाळची बैठक होते, वेगात, तुम्हाला कळणार नाही अशा जपानीत. ती समजून घ्यायचा आटापिटा करू नका. फळ्यावर महिन्याचं आणि दिवसाचं वेळापत्रक लिहिलेलं असतं, त्याचा रोज फोटो काढा. वार, तास, इयत्ता, ‘बदल’, ‘रद्द’ आणि ‘लहान तास’ एवढी चिन्हं ओळखू आली की निम्मा गोंधळ संपतो. क्रीडादिनाच्या सरावासाठी तास 45 मिनिटांचे केले, तिसरा तास पाचव्याच्या जागी गेला, हे तुम्हाला कोणी मुद्दाम येऊन सांगणार नाही. तुम्हाला डावलायचं असतं असं नाही. फळ्यावर आहे म्हणजे सांगून झालं, असा तिथला हिशेब असतो.

एप्रिलमध्ये येताय हा तुमचा मोठा फायदा. शाळेचं वर्ष तेव्हाच सुरू होतं आणि सरकारी शिक्षकांच्या बदल्याही मार्चअखेरीस होतात, त्यामुळे 1 एप्रिलला त्या खोलीत तुमच्यासारखेच नवखे, झेरॉक्स मशीनचा सांकेतिक क्रमांक विचारत फिरणारे बरेच जपानी शिक्षक असतात. त्या आठवड्यात ओळखी करून घ्या. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना जमलेल्या मैफलीत शिरावं लागतं.

सोबतच्या इंग्रजी शिक्षकाबद्दल एक अपेक्षा आधीच सोडून द्या: तो तुमच्यासोबत बसून पाठाचं नियोजन करेल, ही. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2018 च्या टॅलिस या शिक्षकांच्या पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा 56 तासांचा निघाला, सहभागी देशांत सगळ्यात लांब; सरासरी होती 38.3. वर्गशिक्षकपद, पालकांचे फोन, खेळाच्या क्लबचा सराव, यातून त्याला तुमच्यासाठी पाच मिनिटं मिळतात, तीही झेरॉक्स निघेपर्यंतची. म्हणून ‘उद्या काय करू या?’ असा मोकळा प्रश्न विचारू नका. ‘उद्या पान 34, शेवटची दहा मिनिटं मी हा खेळ घेऊ का?’ असं छापील कागद पुढे करून विचारा. हो किंवा नाही म्हणणं त्याला जमतं. दोन-तीन महिन्यांनी तोच म्हणेल, ‘शेवटची दहा मिनिटं तुमची.’ नाहीतर वर्षभर पाठ्यपुस्तकातली वाक्यं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र होऊन बसाल. या नोकरीतली ही सगळ्यात जुनी तक्रार आहे आणि ती बरीचशी टाळता येते.

संध्याकाळी तुमची वेळ संपली की निघा. सगळे काम करत बसलेत आणि आपण उठायचं, याचा संकोच होईल. ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’ म्हणजे तुमच्याआधी निघतो, क्षमा असावी, हे म्हणायचं आणि चालू लागायचं. अपराधी वाटतं म्हणून रोज सात वाजेपर्यंत रिकामं बसणारे शिक्षक डिसेंबरपर्यंत करपून जातात, आणि त्या बसण्याचा कोणालाच उपयोग झालेला नसतो. उलट दिवसातल्या रिकाम्या तासांत टेबलाला चिकटून बसू नका. वह्या तपासायला मागून घ्या, चित्रकलेच्या किंवा व्यायामाच्या तासाला मागे उभं राहायची परवानगी मागा, दुपारी मुलांच्या बरोबरीने झाडू हातात घ्या. साफसफाई मुलंच करतात, रोज, ठरलेल्या वेळी. माध्यमिकची जी मुलं तासाला तोंड उघडत नाहीत ती जिन्यावर फडकं मारताना तुम्हाला हजार प्रश्न विचारतात.

तासाला ती का बोलत नाहीत? इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला 70 तास, आणि तिसरी-चौथीला 35 तास. तुमच्या वर्गात येणारी मुलं चार वर्षं इंग्रजी ऐकून आलेली आहेत. प्राथमिकमध्ये हीच मुलं हात वर करकरून बाकावरून उठत होती. तेरा-चौदाव्या वर्षी चाळीसेक जणांदेखत चुकणं नको वाटतं, आणि एकट्याने बरोबर येणंही नको वाटतं. एखाद्याला उभं करून प्रश्न विचारलात तर तो शेजाऱ्याकडे वळून सल्ला घेईल. ती कॉपी नव्हे, त्याला रागावू नका. आधी अर्धं मिनिट जोडीने बोलू द्या आणि मग ‘तुमचं दोघांचं उत्तर काय?’ विचारा. चांगलं उत्तर देणाऱ्या मुलीचं वर्गासमोर तोंडभर कौतुक केलंत तर पुढच्या तासाला ती गप्प बसेल. तेच कौतुक वहीत लिहा.

एप्रिलमध्ये प्रत्येक वर्गात तुमचा परिचयाचा तास होईल. तेच वीस मिनिटांचं सादरीकरण दोन-तीन शाळांत पुन्हा पुन्हा वापरायचं आहे, म्हणून एकच करा आणि नीट करा. ताजमहाल नको. तुमची शाळेची बस, डबा, पाऊस, क्रिकेट खेळणारी गल्ली, अशी चित्रं ठेवा. आणि एक गमतीची तयारी: भारतीयांना दोन आकडी पाढे तोंडपाठ असतात असा जपानमध्ये पक्का समज आहे. तीसपर्यंतचे पाढे लहानपणी घोकले असतील तर उजळणी करून या. ‘सतरा गुणिले अठरा?’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, आणि त्याचं झटपट उत्तर तुम्हाला वर्षभर पुरेल इतका मान मिळवून देतं.

उच्चारांबद्दलही कानावर येईल. ‘मातृभाषा इंग्रजी असलेलाच हवा’ अशा जाहिराती आहेत, आणि एखादा पालक किंवा सहकारी आडून विचारेलही. माझं मत स्पष्ट आहे: ही मुलं पुढे ज्यांच्याशी इंग्रजीत बोलणार आहेत त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नसतील. पण हा वाद घालत बसू नका. सावकाश, स्पष्ट बोला, मुलांच्या वह्यांत फरक दिसू द्या. पहिल्या सत्रानंतर हा विषय कोणी काढल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

आता जेवण, कारण शाकाहारी आहात असं तुम्ही लिहिलंय. शाळेत दुपारचं जेवण, क्युशोकु, सगळ्यांना सारखं असतं. पांढरे डगले घातलेली मुलं ते वाढतात आणि शिक्षक वर्गातच मुलांसोबत जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक किंवा कोणी जबाबदार माणूस तेच जेवण चाखून पाहतो. शिक्षकांना त्याचे पैसे महिन्याला भरावे लागतात. वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही, अगदी मिसो सूपमध्ये आणि उकडलेल्या भाज्यांत, बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो. भात आणि दूध सोडलं तर खात्रीने खाता येईल असं फार थोडं उरतं. अॅलर्जीसाठी शाळांकडे फॉर्म आणि पद्धत आहे, शाकाहारासाठी रकाना नाही. म्हणून रुजू होण्याआधीच, मार्चमध्ये, कळवा: ‘मी मांस-मासे खात नाही, मी घरून डबा आणेन, क्युशोकु धरू नका.’ एवढंच. तत्त्वज्ञान नको, दिलगिरीची लांबण नको. साहित्य माणशी मोजून मागवलेलं असतं, मध्येच नको म्हटलं की कोणाला तरी हिशेब बदलावा लागतो, आणि कटकट त्याची होते, तुमच्या शाकाहाराची नव्हे. डबा मात्र खा वर्गातच, मुलांसोबत. तुमच्या डब्यात डोकावणारी मुलं हा दिवसातला सगळ्यात चांगला इंग्रजीचा तास.

घरचा स्वयंपाक अवघड नाही. डाळी आणि मसाले ऑनलाइन घरपोच येतात, टोकियोत निशिकासाइसारख्या भारतीय वस्तीत दुकानंही आहेत. बाहेर घाईत खायचं तर कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या फळाचा, ओनिगिरी (भाताचा गोळा) बहुतेक वेळा चालतो; तरी मागची घटकांची यादी वाचायची सवय लावा. मासे, डुक्कर, गाय, कोंबडी आणि प्राण्यांची चरबी यांची जपानी अक्षरं कागदावर लिहून पाकिटात ठेवा. ब्रेडमध्येही चरबी निघते.

काही गोष्टी पटकन सांगते. शाळेत आत घालायचे बूट वेगळे, व्यायामशाळेतले बऱ्याचदा आणखी वेगळे. पाय मोठा असेल, म्हणजे पुरुषांचा 28 आणि स्त्रियांचा 25 सेंटिमीटरच्या वर, तर बूट सोबत आणा, इथे मापाचे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. सायकल घेतलीत की चोरीविरोधी नोंदणी तिथल्या तिथे करून घ्या. गाडी चालवणार असाल तर भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पुढे जपानी परवान्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा.

कचऱ्याचं मात्र पटकन सांगता येणार नाही. शेजाऱ्यांशी तुमचे संबंध बरे की वाईट, हे बरंचसं कचरा ठरवतो. कोणत्या वारी जळणारा, कोणत्या वारी प्लास्टिक, बाटल्यांची झाकणं वेगळी, पिशवी शहराने ठरवलेली, आणि बाहेर ठेवायचा तो सकाळी ठरावीक वेळेआधी. आदल्या रात्री ठेवला तर कावळे पसरतात. नियम शहरागणिक बदलतात. तोकुशिमातल्या कामिकात्सु गावाने 2003 मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली, आणि तिथले लोक चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी करतात. तुमच्या वाट्याला इतकं येणार नाही. चुकीची पिशवी लाल चिठ्ठी लावून तिथेच सोडतात आणि ती कोणाची आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, कारण त्या गल्लीत परदेशी तुम्ही एकटेच. पत्ता नोंदवताना नगरपालिकेतून इंग्रजी तक्ता घ्या आणि फ्रिजवर लावा.

भूकंपाला घाबरू नका, पण तयारी ठेवा. जपानी शिंदो मोजपट्टी तुमच्या जागी किती हाललं ते सांगते, शून्य ते सातपर्यंत, आणि तीनपर्यंतच्या धक्क्याला वर्गातली मुलं मान वर करून पुन्हा लिहायला लागतात. शाळेत सराव होतो तेव्हा मुलांच्या मागे मागे करा, त्यांना सगळं पाठ असतं. घरात कपाटं भिंतीला बांधा, पलंगाजवळ बूट आणि टॉर्च ठेवा, फोनवर सेफ्टी टिप्स हे पर्यटन विभागाच्या देखरेखीखालचं ॲप घ्या. पोलिसांचा क्रमांक 110, आग आणि रुग्णवाहिकेचा 119.

खरा कस थंडीत लागतो. उत्तरेकडचं होक्काइदो बेट सोडलं तर घरांच्या भिंती पातळ, संपूर्ण घर गरम करायची पद्धत नाही. लोक बसतात ती एक खोली तापवतात. शाळेचे व्हरांडे तर बाहेरच्याइतकेच गार. साडेचारला अंधार पडतो. ऑक्टोबरपर्यंतचं नवेपण विरलेलं असतं, फोनवर घरच्यांना तेच तेच सांगून झालेलं असतं, आणि चॉपस्टिक छान वापरता या शंभराव्या कौतुकाने चिडचिड व्हायला लागते. हे सगळ्यांना होतं. त्यावर मला एकच उपाय खात्रीने लागू पडताना दिसला आहे: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच त्याच माणसांना भेटणं, आणि ती माणसं शाळेतली नसणं. शहराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे स्वयंसेवकांनी चालवलेले जपानीचे वर्ग नाममात्र शुल्कात असतात, तिथून सुरुवात करा. बॅडमिंटन, ढोलाचा गट, काहीही चालेल. हे मेमध्येच सुरू करा, कारण जानेवारीत नवीन ठिकाणी जायला अंगात बळ नसतं. भारतीय मंडळी जवळ असतील तर उत्तमच, पण दर रविवारी फक्त त्यांच्यातच राहिलात तर जपानी शिकायचं राहून जातं आणि पुढच्या हिवाळ्यात एकटेपण दुप्पट होतं. मन फारच खचलं तर टेल ही संस्था इंग्रजीतून फोनवर ऐकून घेते आणि समुपदेशनही करते.

डिसेंबरच्या सुमाराला शाळेची वर्षअखेरची पार्टी होते. चार ते सहा हजार येन जातात, दारू न पिणाऱ्यासाठी उलाँग चहा असतो, जेवणाबद्दल आयोजकाला आधी सांगा. पहिल्या वर्षी जा. वर्षभर एक शब्द न बोललेले गणिताचे सर तिथे बऱ्यापैकी इंग्रजी बोलतात. त्यानंतरच्या दुसऱ्या पार्टीला नाही गेलात तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकाचे आभार मानायला विसरू नका.

आणि नेमक्या याच गारठ्यात, जानेवारीच्या आसपास, पुढच्या वर्षी राहणार का, ही विचारणा येते. त्या आठवड्यात उत्तर देऊ नका, मुदत विचारून घ्या आणि शेवटच्या दिवशी द्या. जायचं ठरलंच तर पेन्शनचा हिशेब आधी करा. सहा महिने किंवा त्याहून जास्त भरणा असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी रक्कम मागता येते. ती सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांच्या भरण्यावर मोजतात. पण भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे आणि पेन्शनची पात्रता मोजताना दोन्हीकडचा काळ जोडता येतो. रक्कम उचललीत की जपानमधला तेवढा काळ पुसला जातो. पुन्हा यायची शक्यता असेल तर घाई करू नका.

राहायचं ठरलं तर मार्चच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. तुम्ही वर्षभर ज्याच्याशी सूर जुळवलात तो इंग्रजी शिक्षक बदलून गेला, हे तुम्हाला अगदी ऐनवेळी कळेल, आणि एप्रिलचं वेळापत्रक तुम्हाला न ओळखणारा माणूस करेल. म्हणून फेब्रुवारीतच त्याच्यासोबत चाललेल्या तासांची एक फाइल करा: कोणत्या वर्गात कोणते खेळ जमले, शेवटची दहा मिनिटं कशी वापरली, कोणत्या मुलाला उभं करायचं नाही. जाणाऱ्या शिक्षकाकडून त्यावर दोन ओळी जपानीत लिहून घ्या. नव्याच्या टेबलावर 1 एप्रिलला सकाळीच ती ठेवायची.